विष शरीरात गेलं काही दिवसच, मेंदू मात्र वर्षानुवर्षं धुमसत राहिला

१९८२ च्या जुलै महिन्यात कॅलिफोर्नियातल्या सॅन होजे शहरात एका ४२ वर्षांच्या माणसाला सँटा क्लारा व्हॅली मेडिकल सेंटरमध्ये आणलं गेलं. तो हलत नव्हता, बोलत नव्हता, पापणीसुद्धा क्वचित लवायची, हात उचलून धरला तर तसाच हवेत राहायचा. पहिल्यांदा वाटलं स्किझोफ्रेनियातला कॅटाटोनिया नावाचा प्रकार असेल. मग केस न्यूरॉलॉजीचे प्रमुख डॉ. विल्यम लँगस्टन यांच्याकडे गेली आणि तिथे कुणाच्या तरी लक्षात आलं की या माणसाची बोटं थोडीथोडी हलतायत, म्हणून हातात पेन्सिल दिली, खाली कागद ठेवला, आणि त्याने अतिशय हळूहळू लिहून कळवलं की मला सगळं समजतंय पण शरीर नीट हलवता येत नाहीये. म्हणजे माणूस आत पूर्ण जागा होता, फक्त शरीराने साथ सोडली होती.

तपासलं तर काय, चेहरा मुखवट्यासारखा, हातपाय ताठ, तोंडातून लाळ, हालचाल जवळजवळ शून्य. ज्याच्या घरात शेवटच्या टप्प्यातला पार्किन्सन्स आहे त्याला हे वर्णन सांगावं लागणार नाही. फरक एवढाच की पार्किन्सन्सला इथवर पोचायला १०-१५ वर्षं लागतात आणि हा माणूस काही दिवसांपूर्वीपर्यंत व्यवस्थित चालत होता. लवकरच त्याची ३० वर्षांची मैत्रीणही त्याच अवस्थेत सापडली. जवळच्या वॉटसनव्हिल गावात डॉ. जेम्स टेट्रुड यांच्याकडे दोन भाऊ आले होते, दोघंही विशीतले, त्यांचंही तेच. डॉक्टरांनी एकमेकांची माहिती जुळवली तेव्हा सगळ्यांत एक धागा निघाला, सगळ्यांनी रस्त्यावर विकत मिळणारं एक नवीन सिंथेटिक हेरॉइन इंजेक्शनने घेतलं होतं.

पुढचा शोध बराच रंजक आहे पण थोडक्यात सांगते. ते हेरॉइन म्हणजे पेथिडीन या वेदनाशामकाचा एक चुलतभाऊ, घरगुती लॅबमध्ये बनवलेला, आणि बनवताना तापमान-आम्लता बिघडली की त्यात एमपीटीपी नावाचा एक भलताच पदार्थ तयार होतो. हे आधीही एकदा घडलेलं होतं, १९७६ मध्ये मेरीलँडमधल्या एका २३ वर्षांच्या केमिस्ट्रीच्या विद्यार्थ्याने स्वतःच बनवून स्वतःच टोचून घेतलं होतं आणि त्यालाही असाच पार्किन्सन्स झाला होता, तो १९७८ मध्ये वेगळ्या कारणाने गेला आणि त्याच्या मेंदूत सब्स्टॅन्शिया नायग्रा हा डोपामाईन (हालचालीसाठी लागणारं मेंदूतलं रसायन) बनवणारा काळपट भाग उद्ध्वस्त झालेला दिसला. १९७९ मध्ये हा रिपोर्ट छापून आला पण फारसा कुणी वाचला नाही. लँगस्टनच्या टीमला तो सापडला आणि कोडं सुटलं. १९८३ मध्ये 'सायन्स' या शास्त्रीय नियतकालिकात त्यांनी चार रुग्णांची माहिती छापली, पुढे एकूण सात जण नोंदले गेले.

मी हे प्रकरण मुद्दाम निवडलंय. स्ट्रेस आणि इन्फ्लमेशन (सूज) यांचा पार्किन्सन्सशी काय संबंध यावर आजकाल इतकं फॉरवर्ड होत असतं, हळद खा, मन शांत ठेवा, टेन्शनमुळेच होतो वगैरे, की खरं काय आणि किती हे कळेनासं होतं. नेहमीच्या पार्किन्सन्समध्ये आजार नेमका कधी सुरू झाला हे कुणालाच माहीत नसतं, त्यामुळे मेंदूत जी सूज दिसते ती आजाराचं कारण आहे की आजाराने झालेला राडा आहे हे सांगता येत नाही. इथे मात्र सुरुवात माहिती आहे. विष कोणतं ते माहिती आहे, साधारण कुठल्या दिवसांत शरीरात गेलं ते माहिती आहे, आणि ते कधी थांबलं तेही माहिती आहे. माणसांच्या बाबतीत असं प्रकरण पुन्हा क्वचितच मिळेल, आणि ते कुणी मुद्दाम करूही नये.

विष काय करतं

एमपीटीपी स्वतः फारसं घातक नाही. ते मेंदूत सहज शिरतं आणि तिथे अ‍ॅस्ट्रोसाईट नावाच्या आधार देणाऱ्या पेशींमध्ये एमएओ-बी हे एन्झाईम त्याचं रूप बदलून एमपीपी प्लस बनवतं. हे खरं विष. डोपामाईनच्या पेशींना बाहेर सांडलेलं डोपामाईन परत आत ओढून घेण्यासाठी एक दार असतं, एमपीपी प्लस त्याच दारातून आत घुसतं, म्हणून मेंदूतल्या बाकी पेशी बऱ्याचशा वाचतात आणि नेमक्या डोपामाईनच्याच मरतात. आत गेल्यावर ते मायटोकॉन्ड्रियातला, म्हणजे पेशीच्या वीजघरातला, कॉम्प्लेक्स वन नावाचा भाग बंद पाडतं, पेशीची ऊर्जा संपते आणि पेशी मरते.

रुग्णांना लेवोडोपा दिलं (आपल्याकडे सिंडोपा म्हणून जी गोळी सगळ्यांना माहीत आहे त्यातलं मुख्य औषध हेच), आणि ते हलायला, बोलायला लागले. पण नेहमीच्या रुग्णांना काही वर्षांनी जे त्रास होतात, गोळीचा असर मध्येच संपणं, अंग आपोआप वळवळणं, ते यांना फारच लवकर सुरू झाले. तरुण वयात एकदम एवढ्या पेशी गेल्या की औषधाला आधार द्यायला मागे काही उरत नाही. दोघांवर पुढे स्वीडनमधल्या लुंड इथे गर्भपेशींचं मेंदूत रोपण केलं गेलं आणि १९९२ मध्ये त्याचा रिपोर्ट आला, सुधारणा चांगली होती.

मग प्रश्न कुठे आहे

प्रश्न असा की विष शरीरातून निघून गेलं. दारू सोडलेल्या माणसाचं लिव्हर जसं जिथे आहे तिथे थांबतं किंवा थोडं सावरतं तसं इथेही व्हायला हवं होतं. जेवढ्या पेशी मरायच्या त्या मेल्या, बाकीच्या जिवंत राहायला हव्या होत्या.

तसं झालं नाही. ज्यांनी ते ड्रग घेतलं पण ज्यांना तेव्हा ठळक लक्षणं नव्हती अशाही लोकांचा पाठपुरावा केला गेला. व्हँकुव्हरच्या टीमने फ्लुओरोडोपा पेट स्कॅन केले, त्यात मेंदूतला डोपामाईनचा साठा दिसतो, आणि १९८५ मध्येच कळलं की वरून ठीक दिसणाऱ्यांचाही साठा कमी आहे. नंतर अशा १० जणांचा स्कॅन ७ वर्षांच्या अंतराने पुन्हा केला, १९९४ मध्ये निष्कर्ष छापला, आणि मधल्या काळात साठा आणखी घसरला होता, निव्वळ वय वाढल्याने जेवढा घसरेल त्यापेक्षा जास्त. लक्षात घ्या, या सात वर्षांत विष नव्हतं.

आणि मग १९९९. लँगस्टन आणि सहकाऱ्यांनी एमपीटीपीने पार्किन्सन्स झालेल्या तिघांच्या मृत्यूनंतर त्यांच्या मेंदूची तपासणी छापली. विष घेतल्यापासून मृत्यूपर्यंत ३ ते १६ वर्षं गेलेली. सब्स्टॅन्शिया नायग्रातल्या पेशी खूप कमी झालेल्या होत्या, ते अपेक्षितच होतं. अपेक्षित नव्हतं ते हे, की जिवंत उरलेल्या पेशींभोवती मायक्रोग्लिया गोळा झालेल्या होत्या, काही पेशी त्या वेळीसुद्धा मरत होत्या आणि मायक्रोग्लिया त्यांना खात होत्या, आजूबाजूला मेलेल्या पेशींमधला काळा रंग सांडलेला होता. मायक्रोग्लिया म्हणजे मेंदूतल्या कायमच्या वस्तीला असलेल्या रोगप्रतिकारक पेशी, कचरा उचलणं, जंतू मारणं हे त्यांचं काम. जखम बरी झाली की त्या शांत व्हायला पाहिजेत. इथे एवढ्या वर्षांनीही त्या कामावरच होत्या.

मला या सगळ्या प्रकरणातलं हे सगळ्यात महत्त्वाचं पान वाटतं. माकडांमध्येही तेच दिसलं, कॅनडाच्या मॅकगीर दांपत्याच्या गटाने २००३ मध्ये दाखवलं की एमपीटीपी दिल्यावर ५ ते १४ वर्षांनीसुद्धा माकडांच्या सब्स्टॅन्शिया नायग्रात मायक्रोग्लिया चेतलेल्या असतात. याच मॅकगीरनी १९८८ मध्ये नेहमीच्या पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूत अशा चेतलेल्या मायक्रोग्लिया पहिल्यांदा ठळकपणे दाखवल्या होत्या, तेव्हा बऱ्याच जणांचं म्हणणं होतं की हा नुसता कचरा उचलण्याचा प्रकार आहे. एमपीटीपीच्या प्रकरणाने त्या म्हणण्याला मोठा धक्का दिला.

आग चालू कशी राहते याचा एक पटणारा खुलासा त्या सांडलेल्या काळ्या रंगात आहे. न्यूरोमेलॅनिन म्हणतात त्याला, डोपामाईनच्या पेशींमध्ये वयाबरोबर साठत जातो. पेशी मेली की तो बाहेर पडतो, सहज विरघळत नाही, मायक्रोग्लिया त्याच्यामुळे चेततात, चेतल्या की टीएनएफ, इंटरल्युकिन-१ बीटा असे सूज वाढवणारे पदार्थ आणि ऑक्सिजनचे घातक कण सोडतात, त्यात शेजारची पेशी मरते, ती मेली की तिचाही रंग बाहेर पडतो आणि पुन्हा तेच. त्यात सब्स्टॅन्शिया नायग्रा हा मेंदूतला मायक्रोग्लियांनी सगळ्यात दाट भरलेल्या भागांपैकी एक, आणि डोपामाईनच्या पेशी मुळातच ऑक्सिडेशनच्या ताणाखाली जगणाऱ्या, म्हणजे नाजूक.

नुसत्या मायक्रोग्लियाच नाहीत. पॅरिसमधल्या संशोधकांनी २००९ मध्ये दाखवलं की एमपीटीपी दिलेल्या उंदरांच्या मेंदूत रक्तातल्या टी पेशी (याही रोगप्रतिकारक पेशीच) शिरतात आणि ज्या उंदरांमध्ये सीडी-४ प्रकारच्या टी पेशी नव्हत्या त्यांच्या डोपामाईनच्या पेशी बऱ्याच वाचल्या. २०१७ मध्ये 'नेचर'मध्ये आलं की पार्किन्सन्सच्या काही रुग्णांच्या टी पेशी अल्फा सिन्युक्लीनच्या, म्हणजे या आजारात पेशींमध्ये साठणाऱ्या प्रोटीनच्या, तुकड्यांना शत्रू समजतात. २०२० मध्ये त्याच गटाने एका रुग्णाचे निदानाच्या आधीच्या काळात साठवलेले रक्ताचे नमुने तपासले आणि त्यात अशा टी पेशी निदानाच्या कितीतरी वर्षं आधी होत्या. एकाच माणसाची गोष्ट आहे, त्यावर इमारत बांधू नये, पण रोगप्रतिकारक यंत्रणा आधी आणि कंप नंतर हा क्रम त्यात दिसतो.

मोठ्या लोकसंख्येतले आकडेही त्याच बाजूला झुकतात. आतड्याला कायम सूज असणारे क्रोन्स आणि अल्सरेटिव्ह कोलायटिसचे रुग्ण, अमेरिकेत अशा १ लाख ४४ हजार लोकांचा अभ्यास २०१८ मध्ये छापून आला, त्यांच्यात पार्किन्सन्स इतरांपेक्षा २८ टक्के जास्त, आणि त्यातल्या ज्यांना टीएनएफ अडवणारी औषधं दिली होती त्यांच्यात ती औषधं न घेतलेल्यांपेक्षा ७८ टक्के कमी. आयबुप्रोफेन नियमित घेणाऱ्यांमध्येही धोका कमी दिसला होता, २०११ मध्ये. कृपा करून हे वाचून कुणी रोज आयबुप्रोफेन सुरू करू नका, किडनी आणि पोट दोन्ही जातात, आणि ज्याला आजार झालाय त्याला त्याने फायदा होतो असं कुणीही दाखवलेलं नाही.

आता स्ट्रेस

इथे मला जरा जास्त वेळ थांबायचंय कारण घराघरात गैरसमज इथेच आहेत. एखाद्या काकांना पार्किन्सन्स झाला की कुणीतरी म्हणतंच, मुलाचं लग्न मोडलं त्याचा धक्का घेतला त्यांनी, किंवा निवृत्तीच्या वेळी ऑफिसने फार छळलं. आणि जी शुभार्थी (पार्किन्सन्सची रुग्ण) बाई स्वतः आजारी आहे ती मनात म्हणत राहते की मी जास्त विचार करते म्हणून मला हे झालं. आजाराचं ओझं कमी होतं का, तर वर हे अपराधीपण. म्हणून पुरावा नेमका काय सांगतो ते बघू.

पहिली गोष्ट, स्ट्रेसने लक्षणं वाढतात हे नक्की आहे. यात वाद नाही. प्रत्येक शुभंकर, म्हणजे रुग्णाची काळजी घेणारा, हे रोज बघतो, घरी पाहुणे आले, बँकेत सही करायची वेळ आली, लिफ्टचं दार बंद होतंय, की हात थरथरायला लागतो, पाय जमिनीला चिकटतात. नेदरलँड्समध्ये नायमेखनच्या संशोधकांनी २०२१ मध्ये ५ हजार रुग्णांना विचारून छापलं, स्ट्रेसने सगळ्यात जास्त वाढतो तो कंप. पण लक्षण वाढणं आणि आजार होणं या दोन वेगळ्या गोष्टी आहेत आणि गफलत इथेच होते.

दुसरी गोष्ट, स्ट्रेस लपलेला आजार उघडा पाडू शकतो. अमेरिकेत झिगमंड आणि सहकाऱ्यांनी १९८५ मध्ये एक सुंदर प्रयोग छापला होता. उंदरांच्या डोपामाईनच्या पेशींचं बरंच नुकसान केलं, पण उरलेल्या पेशी जास्त काम करून भरपाई करत होत्या म्हणून उंदीर बघायला ठीक होते. मग त्यांना थंडी, सौम्य शॉक असा स्ट्रेस दिला आणि पार्किन्सन्ससारखी लक्षणं बाहेर आली, स्ट्रेस गेल्यावर पुन्हा कमी झाली. माणसांमध्ये लक्षणं दिसायला लागतात तोपर्यंत स्ट्रायटममधलं (सब्स्टॅन्शिया नायग्रातलं डोपामाईन मेंदूच्या ज्या भागात पोचतं तो) ६० ते ८० टक्के डोपामाईन गेलेलं असतं. म्हणजे ऑपरेशन, अपघात, जवळच्याचा मृत्यू यानंतर महिन्याभरात जो कंप सुरू झाला असं आपण म्हणतो, तिथे आतला ऱ्हास बहुतेक वेळा कित्येक वर्षं आधीच चालू असतो आणि त्या धक्क्याने तो फक्त दिसायला लागलेला असतो. काकांच्या मुलाचं लग्न मोडलं नसतं तरी कंप आला असता, कदाचित सहा महिने, वर्षभर उशिरा.

तिसरी गोष्ट, स्ट्रेसने पेशी मरण्याचा वेग खरोखर वाढतो का. इथे पुन्हा आपलं एमपीटीपी कामाला येतं. कॉर्टिसॉल हे स्ट्रेसचं हॉर्मोन, सगळे त्याला शिव्या घालतात, पण ते मुळात सूज दाबणारं आहे. मायक्रोग्लियांमध्ये कॉर्टिसॉल पकडणारे ग्लुकोकॉर्टिकॉइड रिसेप्टर असतात, त्यावर कॉर्टिसॉल बसलं की मायक्रोग्लिया शांत व्हायला मदत होते. पॅरिसच्या गटाने २०११ मध्ये असे उंदीर वापरले ज्यांच्या मायक्रोग्लियांमधला हा रिसेप्टर काढून टाकला होता, त्यांना एमपीटीपी दिल्यावर मायक्रोग्लिया जास्त चेतल्या आणि डोपामाईनच्या पेशी जास्त मेल्या. त्याच पेपरमध्ये पार्किन्सन्सच्या रुग्णांच्या मेंदूतही हा रिसेप्टर सब्स्टॅन्शिया नायग्रात कमी दिसला आणि रक्तात कॉर्टिसॉल जास्त होतं. आता महिनोन् महिने स्ट्रेस असेल तर कॉर्टिसॉल चढलेलं राहतं आणि पेशी त्याला दाद देईनाशा होतात, मग सूज आवरणारा हातच राहत नाही. स्ट्रेस आणि इन्फ्लमेशन यांना जोडणारा मला माहीत असलेला सगळ्यात पक्का दुवा हाच.

आपल्या देशातलंही काम आहे यात, तमिळनाडूच्या अण्णामलाई विद्यापीठातल्या संशोधकांनी २०१७ च्या सुमारास दाखवलं की उंदरांना आधी काही आठवडे सौम्य पण सततचा स्ट्रेस दिला आणि मग एमपीटीपी, तर नुकसान नुसत्या एमपीटीपीपेक्षा जास्त होतं. स्पेनमध्ये सेव्हिलच्या गटाने २०१४ मध्ये वेगळ्या रस्त्याने तेच दाखवलं, तिथे विषाऐवजी जिवाणूच्या आवरणातला एलपीएस हा सूज आणणारा पदार्थ वापरला होता. जपानी संशोधकांनी तर उंदरांना अनेक आठवडे रोज काही तास बांधून ठेवून, कुठलंही विष न देता, डोपामाईनच्या पेशी कमी झाल्याचं २०१६ मध्ये छापलं. हा शेवटचा निष्कर्ष मी जरा जपून घेते, रोज कित्येक तास हलू न देणं हा प्रकार माणसाच्या कुठल्या आयुष्याशी जुळवायचा हे मला कळत नाही.

आणि माणसांमध्ये? डेन्मार्कमध्ये सगळ्या नागरिकांच्या नोंदी असतात, तिथे १३ हजारांहून जास्त पार्किन्सन्सच्या रुग्णांची इतर लोकांशी तुलना करून २०१० मध्ये छापलं, जोडीदाराचा मृत्यू, घटस्फोट, नोकरी जाणं अशा मोठ्या घटना. अशा घटना जास्त घडलेल्यांना पार्किन्सन्स जास्त होतो असं काही निघालं नाही. स्वीडनमध्ये नोकरीतल्या ताणाचा अभ्यास झाला, २०१८ मध्ये, त्यात जास्त शिकलेल्या आणि फार मागणीच्या नोकऱ्या करणाऱ्या पुरुषांमध्ये धोका थोडा जास्त दिसला. म्हणजे चित्र मिश्र आहे. एकट्या स्ट्रेसने पार्किन्सन्स होतो असं म्हणायला माणसांमधला पुरावा पुरेसा नाही. शिवाय अँक्झायटी आणि डिप्रेशन ही पार्किन्सन्सची कंपाच्या कितीतरी आधी येणारी लक्षणं आहेत, त्यामुळे "आधी खूप टेन्शनमध्ये होत्या, मग आजार झाला" यातलं ते टेन्शनच आजाराचा पहिला भाग असू शकतं.

सगळं एकत्र ठेवून माझं वाचन असं आहे. सुरुवातीचा घाव वेगळा असतो, कधी विष, कधी जीन, कधी आतड्यातून किंवा नाकातून सुरू झालेलं अल्फा सिन्युक्लीनचं साठणं, बहुतेक रुग्णांत ते कळतच नाही. त्यानंतर इन्फ्लमेशन आजार चालू ठेवतं, सॅन होजेच्या प्रकरणाने हे मला पटवलं. आणि दीर्घ स्ट्रेस, जर काही करत असेल तर, त्या इन्फ्लमेशनवरचा ताबा सैल करतो. म्हणजे स्ट्रेसचा नंबर तिसरा आहे, पहिला नाही. "तू विचार करून करून ओढवून घेतलंस" हे वाक्य कुठल्याही घरात कुणी कुणाला म्हणू नये, त्याला शास्त्राचा आधार नाही.

या प्रकरणाच्या मर्यादा

हे प्रकरण म्हणजे हुबेहूब पार्किन्सन्स नाही हेही सांगायला हवं. त्या तिघांच्या मेंदूत लेवी बॉडीज, म्हणजे अल्फा सिन्युक्लीनचे गोळे, नव्हते, आणि नेहमीच्या पार्किन्सन्सची ओळखच त्यावरून पटते. तीन मेंदू ही संख्याही लहान आहे. पेट स्कॅनमधली घसरण उरलेल्या पेशी जास्तीच्या कामाने थकल्यामुळेही असू शकते. आणि ज्यांनी हे ड्रग घेतलं त्यांच्यातल्या अनेकांचं आयुष्य व्यसन, तुरुंग, पैशांची चणचण यातलं होतं, त्यांच्या स्ट्रेसचा हिशोब त्या रिपोर्टांमध्ये नाही, म्हणून या रुग्णांवरून स्ट्रेसबद्दल थेट काहीही म्हणता येत नाही, स्ट्रेसचा भाग सगळा वेगळ्या अभ्यासांतला आहे, बराचसा उंदरांवरचा.

पण यातून एक वाट उघडली जी आपल्या शेतांपर्यंत येते. एमपीपी प्लसची रचना पॅराक्वाट या तणनाशकाच्या फार जवळची आहे. १९८३ नंतर हे लक्षात येताच शेतीतल्या रसायनांकडे शास्त्रज्ञांचं लक्ष गेलं आणि २०११ मध्ये अमेरिकेतल्या शेतीशी संबंधित लोकांच्या अभ्यासात पॅराक्वाट किंवा रोटेनोन हे कीटकनाशक वापरणाऱ्यांमध्ये पार्किन्सन्सचा धोका अडीचपट दिसला. पॅराक्वाट युरोपात बंद आहे, आपल्याकडे कृषी सेवा केंद्रात मिळतं, आणि विदर्भ-मराठवाड्यात पाठीवर पंप घेऊन, तोंडाला फार तर एखादा रुमाल बांधून फवारणी होते. रोटेनोन तर एमपीपी प्लससारखं कॉम्प्लेक्स वनच बंद पाडतं, आणि शिकागोत २०२० मध्ये उंदरांवर दिसलं की रोटेनोनसोबत स्ट्रेस दिला तर आतड्याची भिंत जास्त गळते आणि मेंदूतलं नुकसान वाढतं. कर्जाच्या काळजीत असलेला आणि हातमोज्यांशिवाय फवारणारा शेतकरी मला हे वाचताना डोळ्यांसमोर येतो. तणनाशक टाळता येत नसेल तर निदान हातमोजे, मास्क, पूर्ण बाह्यांचे कपडे आणि फवारणीनंतर लगेच अंघोळ, हे तरी त्याला कुणीतरी नीट सांगायला हवं.

औषधं कुठवर आलीत

इन्फ्लमेशन एवढं महत्त्वाचं असेल तर ते दाबून आजार थांबायला हवा ना? उंदरांमध्ये थांबतो. मिनोसायक्लिन या अँटिबायोटिकने मायक्रोग्लिया दबतात आणि एमपीटीपीपासून संरक्षण मिळतं हे २००२ मध्ये दिसलं, डायबिटीसचं पायोग्लिटाझोनही तसंच निघालं. मग माणसांवर प्रयोग झाले. पायोग्लिटाझोनचा २१० रुग्णांवरचा निकाल २०१५ मध्ये आला, ४४ आठवड्यांनी काहीही फरक नाही. मिनोसायक्लिनही पुढे सरकलं नाही.

यावरून इन्फ्लमेशनची थिअरीच चूक असं काही जण म्हणतात, मला ते घाईचं वाटतं. उंदराला औषध विषाच्या आधी किंवा बरोबर देतात. माणसाला ते निदान झाल्यावर मिळतं, तेव्हा निम्म्याच्या आसपास पेशी गेलेल्या असतात. शिवाय मायक्रोग्लिया नुसत्या वाईट नाहीत, अल्फा सिन्युक्लीनचा कचरा उचलायलाही त्याच लागतात, सरसकट दाबून टाकल्या तर तेही काम थांबतं. म्हणून आता भर आहे लवकर पकडण्यावर. झोपेत स्वप्नाबरोबर हातपाय झाडणं, ओरडणं, शेजारी झोपलेल्याला लागणं, वास येईनासा होणं, वर्षानुवर्षांची बद्धकोष्ठता, हे कंपाच्या १०-१५ वर्षं आधीही दिसू शकतं. यातलं प्रत्येक लक्षण दुसऱ्या शंभर कारणांनी होतं, त्यामुळे घाबरायचं कारण नाही, पण झोपेतलं झाडणं आणि वास जाणं एकत्र असेल तर न्यूरॉलॉजिस्टला आपणहून सांगा, ते विचारतीलच असं नाही.

ज्यांना आजार झालाच आहे त्यांच्यासाठी स्ट्रेस कमी करण्याचा उपयोग आज आहे तो लक्षणांवर, आणि तो काही छोटा नाही. नेदरलँड्सच्या त्या पाहणीत स्ट्रेस उतरवायला रुग्णांनी सगळ्यात जास्त वापरलेला उपाय होता व्यायाम, ध्यानाचा नंबर त्यानंतर. पुण्यात पार्किन्सन्स मित्रमंडळ आहे, मुंबईत पार्किन्सन्स डिसीज अँड मूव्हमेंट डिसऑर्डर सोसायटी आहे, तिथे व्यायाम एकत्र होतो आणि हात थरथरला तरी कुणी टक लावून बघत नाही. कंप लपवण्याचं टेन्शन गेलं की कंप कमी होतो हे तिथे जाणाऱ्यांना विचारा. गोळीची वेळ मात्र व्यायामाच्या नादात चुकवू नका, आणि कुणी सांगितलं म्हणून खाजकुइलीची पावडर गोळीच्या जोडीने आपल्या मनाने सुरू करू नका, त्यातही लेवोडोपाच असतं आणि डोस नकळत वाढून बसतो.